‘यांत्रिक’ या शब्दाबद्दल एक तक्रार

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत, की ती एकदा वापरली की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. ‘यांत्रिक’ हे त्यांपैकी एक. कथेची रचना यांत्रिक, संवाद यांत्रिक, प्रतिमांची योजना यांत्रिक असे लिहिले की लेखक निकालात निघतो, आणि वाचकालाही आपण काय गमावले नाही ते कळते. या शब्दाचा अर्थ आपण सारे गृहीत धरतो. निर्जीव, विचारशून्य, एकाच चाकोरीत फिरणारे, कोणीही केले तरी तसेच होणारे असे काहीतरी. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या समासात मी स्वतः हा शब्द गेली वीसेक वर्षे लिहीत आलो आहे. (उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आपण ज्या वेगाने आणि ज्या मनःस्थितीत करतो ते पाहता तो शब्द समासात कोणी कोणाला उद्देशून लिहावा, हा प्रश्नच आहे.)

या शब्दाविषयी माझे मत बदलले, त्याला एका जुन्या मोटरसायकलचे गळणारे इंजिन कारण झाले. घटना क्षुल्लक आहे. परंतु तिच्या ओघात मराठीचा अध्यापक म्हणून माझी एक चूक उघडकीस आली आणि ती मी वर्गात शिकवीत होतो. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मोटरसायकल वडिलांची. १९९६ सालची, शंभर सीसीची, चार-स्ट्रोक. डोंबिवली पूर्वेला घर आणि एम.आय.डी.सी.च्या दुसऱ्या टप्प्यात नोकरी, एवढ्या पल्ल्यात त्यांनी ती बावीस वर्षे चालवली. २०१९ मध्ये ते गेले. त्यानंतर टाळेबंदी आली आणि गाडी इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत दोन-अडीच वर्षे उभी राहिली. पुढे पर्यावरण कर भरून, कल्याणच्या परिवहन कार्यालयातून नोंदणीचे नूतनीकरण करून मी ती वापरात आणली. आठवडाभरात तिच्याखाली काळा डाग दिसू लागला. पंधरा दिवसांत तो बशीएवढा झाला, महिन्याभरात ताटाएवढा, आणि मग सोसायटीच्या फलकावर कोणाचेही नाव न घेता सर्वांना समजेल अशी सूचना लागली.

शंभर सीसीच्या अशा इंजिनात एकूण तेल असते लिटरभर, किंबहुना थोडे कमीच. त्यामुळे रोज चमचाभर गळाले तरी दोन-तीन आठवड्यांत प्रकरण धोक्याच्या रेषेखाली जाते. मी घराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने खालून पाहिले, ड्रेन नटचा वायसर बदलला आणि नट जोर लावून आवळला. डाग कायम राहिला. दुसऱ्याने डाव्या बाजूला बोट दाखवून गिअर शाफ्टचे सील गेल्याचे सांगितले, सील बदलले, शिवाय झाकणाच्या फटीवर चांदीच्या रंगाचा सिलिकॉनचा थर चढवला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी डाग पुन्हा हजर. आता ‘हाफ इंजिन’ काढावे लागेल, असा निर्णय त्याने ऐकवला. हाफ इंजिन म्हणजे हेड आणि ब्लॉक उतरवून पिस्टन-रिंगांपर्यंत जाणे. त्याने सांगितलेल्या खर्चात गाडी भंगारात घालून वर काही रक्कम उरली असती.

मग एका सहकाऱ्याने कल्याणला वालधुनीच्या बाजूच्या एका मिस्त्रींचे नाव सुचवले. दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा, दोन लाकडी पेट्या, आणि भिंतीवर हाताळून काळसर झालेल्या पान्यांची ओळ. वय साठीच्या आसपास. २६ जुलै २००५ च्या पुरात ही वस्ती पाण्याखाली गेली होती. त्यानंतरचे दोन महिने ते फक्त बुडालेल्या गाड्यांची इंजिने धूत होते. पाणी शिरलेल्या इंजिनातले तेल दुधाळ चहासारखे होते, तीन-तीनदा नवे तेल घालून, थोडे चालवून, पुन्हा काढून टाकावे लागते, हे त्यांनी काम करता करता सांगितले. पुराबद्दल मी जे काही वाचले आहे त्यात हा तपशील मला कुठे भेटला नव्हता.

त्यांनी प्रथम काहीच उघडले नाही. सगळे इंजिन ब्रशने आणि रॉकेलने धुतले, फडक्याने कोरडे केले, आणि घरगुती पावडरीचा डबा काढून इंजिनाच्या सांध्यांवर पांढरी पावडर भुरभुरली. मग म्हणाले, “सर, दुर्गाडीपर्यंत जाऊन या. सावकाश जा, पण चौथ्यात चालवा.”

“दादा, गळतंय ते तर खालूनच गळतंय,” मी म्हणालो.

“खाली पडतंय सर. गळतंय कुठनं ते अजून कुठं म्हाईत आहे?”

गळतीच्या शास्त्रातले हे पहिले कलम असावे. इंजिनावरचे तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येते, परंतु गाडी चालू असताना वारा ते मागे लोटतो, थंड होण्यासाठी केलेल्या पंखांच्या खोबणींतून ते आडवे वाहते, एखाद्या बोल्टच्या डोक्याशी साचते आणि मग सर्वांत खालच्या टोकाशी, म्हणजे बहुतेक वेळा ड्रेन नटपाशी, येऊन टपकते. नट निर्दोष असतो. हेडच्या झाकणापाशी पाझरलेले तेल ड्रेन नटवर आरोप ठेवते. पहिल्या दुरुस्तीवाल्याने तो आरोप खरा मानला आणि नट इतका आवळला की ॲल्युमिनिअमचे आटे जायला आले होते.

दुर्गाडीहून परतलो तेव्हा पावडरीवर दोन ठिकाणी ओल उमटली होती. गिअर शाफ्टपाशी ठळक आणि हेडच्या सांध्यावर पुसट. मला वाटले, आता सील बदलतील. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल मोजायची डिपस्टिक सैल केली. फुस्स असा आवाज झाला आणि कांडी किंचित वर उचलली गेली. “कोंडलंय,” ते एवढेच म्हणाले.

इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पिस्टनच्या कड्या कितीही चांगल्या असल्या, तरी ज्वलनातला थोडा वायू त्यांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतोच, जुन्या इंजिनात जरा अधिक. शिवाय पिस्टन खाली येताना खालची हवा दाबतो. हा दाब बाहेर पडावा म्हणून इंजिनाला एक श्वासनळी दिलेली असते, बोटापेक्षा बारीक रबरी नळी, जिचे टोक खाली कुठेतरी मोकळे सोडलेले असते. ती बंद झाली तर दाब आत साचतो आणि जिथे म्हणून दुबळी जागा असेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. सील बदलले की तो दुसरी दुबळी जागा शोधतो. म्हणजे दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचे निदान खोटे नव्हते, अपुरे होते. सील खरोखरच गळत होते, आणि तरीही दोष सीलचा नव्हता.

मिस्त्रींनी नळीचे टोक पकडून मला दाखवले. ते मातीने लिंपून बंद केलेले होते. नीट, गोलाकार, वाळून कडक झालेली तांबूस माती. “कुंभारीण,” ते म्हणाले. “उभ्या गाडीत घर करते. दर उन्हाळ्यात चार-पाच गाड्या येतात अशा.”

कुंभारीण माशी मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तिचे ते मातीचे घर खिडकीच्या चौकटीत, पुस्तकांच्या मागे, दाराच्या कडीच्या भोकात सापडते. परंतु मिस्त्रींच्या तोंडचा ‘घर’ हा शब्द ऐकून मी जो थांबलो, त्याचे कारण निराळे होते.

वडील गाडीची एक वही ठेवीत. छोटी, बँकेने फुकट दिलेली डायरी. तारीख, किलोमीटर, काय केले, किती पैसे, एवढेच. ते गेल्यावर मी ती वाचली आणि तिच्यातल्या एका नोंदीने मी फार हललो. जूनच्या पहिल्या आठवड्यातली नोंद होती: ‘गावाहून आलो. पाइप साफ. घर होते.’ पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी नाही, आणि मग पुन्हा. आम्ही मे महिन्यात कोकणात जात असू. तिथले घर भावकीच्या वाटणीत गेले होते आणि वडील त्याविषयी कधीही बोलत नसत. मी साहित्याचा माणूस. ‘घर होते’ हे भूतकाळी क्रियापद, हिशेबाच्या वहीत मध्येच आलेले ते दोन शब्दांचे वाक्य, आणि पुढे पूर्णविराम. मला त्यात एका अबोल माणसाचा शोक दिसला. अल्पाक्षरी गद्य भावना कशी धारण करते याचे उदाहरण म्हणून मी ही नोंद एम.ए.च्या वर्गाला वाचून दाखवीत असे. विद्यार्थी गंभीर होत. एकीच्या डोळ्यांत पाणी आले होते.

नोंदीचा अर्थ असा होता की गावाहून आलो, इंजिनाची श्वासनळी साफ केली, तिच्यात कुंभारणीचे घर होते.

मी हसलो, तिथेच, पत्र्याच्या आडोशात. मिस्त्रींना काही कळले नाही. नंतर घरी येऊन वही पुन्हा वाचली तेव्हा हसू आले नाही. मी जे शोधत होतो ते निदान त्या वहीत तीन-चारदा स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी, म्हणजे स्वतःच्याच पुढच्या जूनमधल्या स्वतःसाठी, माहिती ठेवली होती, आणि तिचा वारस असलेल्या मला ती माहिती म्हणून वाचताच आली नाही. मला ती फक्त भावना म्हणून वाचता आली. माझ्या साऱ्या शिक्षणाने मला शब्दाच्या मागे जायला शिकवले होते, पण शब्दाच्या समोर उभे राहायला नाही. वडिलांना शोक नसेल असे मी म्हणत नाही. तो त्या वहीत मी घातला होता.

आता मूळ तक्रारीकडे येतो. ‘यांत्रिक’ हे विशेषण आपल्याकडे दूषण कसे झाले याचा इतिहास कोणीतरी नीट लिहावा. त्यात मर्ढेकरांचा वाटा मोठा असणार, आणि तोही त्यांच्या इच्छेविरुद्ध. ‘काही कविता’ १९४७ साली आली. यंत्रयुगातला माणूस, गिरणी, रस्ते, दिवे, आणि थेट कारखान्यातून उचललेली इंग्रजी क्रियापदे मराठी प्रत्ययांसह कवितेत आली. त्या कवितेने यंत्राचे शब्द मराठीला दिले, हे तिचे धाडस. परंतु आपण शिक्षकांनी ते शब्द विद्यार्थ्यांपर्यंत पोचवताना यंत्र म्हणजे माणुसकीचा नाश हे समीकरण तेवढे पोचवले. मार्गदर्शिकांनी ते पक्के केले. आज कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, यंत्र हे कशाचे प्रतीक आहे? तो तत्काळ उत्तर देईल. यंत्र कसे चालते हे मात्र त्याला कोणी विचारत नाही, आणि आपल्यालाही कोणी विचारू नये अशीच आपली इच्छा असते.

याचा अर्थ मराठीत कामाचे लेखन झालेच नाही असा नाही. त्र्यंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) बलुतेदार-अलुतेदारांच्या कामांचा, हक्कांचा आणि तंट्यांचा जो तपशील आहे, तो आजही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा आहे. संतांमध्ये सेना न्हावी आणि नरहरी सोनार यांनी आपापल्या व्यवसायाची हत्यारे अभंगात आणली. रूपकासाठी आणली हे खरे, परंतु ज्यांच्या हातात ती हत्यारे रोज होती त्यांनी आणली. सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) कामगार बोलला. पण सुर्व्यांच्या मागून आलेल्या समीक्षेने कामगाराचा वर्ग पाहिला, संघर्ष पाहिला, काम पाहिले नाही. कामगार यंत्रापाशी आठ तास नेमके काय करतो, त्यात चुकायला वाव कुठे असतो, आणि चुकू नये म्हणून तो काय जाणतो, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेत आलेच नाहीत. ठाण्याचे वागळे इस्टेट, डोंबिवलीचे रासायनिक कारखाने, कल्याण-शीळ रस्त्यावरचा एके काळचा मोटारींचा कारखाना यांच्या भोवती आपल्या या शहरांची दोन-तीन पिढ्यांची मराठी माणसे जगली. या पट्ट्याने अखिल भारतीय संमेलनेही भरवली, ठाण्याला २०१० साली आणि डोंबिवलीला २०१७ साली. फिटरच्या भाषेवर मात्र आपल्यापैकी कोणी प्रबंध लिहिलेला मला माहीत नाही.

ती भाषा आहे, आणि चांगली समृद्ध आहे. आटे, पाना, पक्कड, कानस, चेंबर, वायसर, पॅकिंग. इंग्रजीत ज्याला गॅस्केट म्हणतात ते आमच्याकडे पॅकिंग. ‘आटे गेले’, ‘नट फिरला’, ‘सील बसलं नाही’, ‘इंजिन उघडलं’ ही वाक्ये किती अचूक आहेत ते पाहावे. ‘गळतंय’ आणि ‘पाझरतंय’ या दोन शब्दांत कामाचा फरक आहे, नुसता शैलीचा नाही. पाझरणाऱ्या सांध्याला हात लावायचा नाही, गळणाऱ्याला लावायचा. भाषा संचालनालयाने यंत्र अभियांत्रिकीची परिभाषा कोशात बसवली, त्या श्रमांबद्दल मला आदर आहे. परंतु वालधुनीच्या आडोशात त्यातला एकही शब्द पोचलेला नाही, आणि आडोशातला क्वचितच एखादा शब्द कोशात गेला असेल. दोन्हीकडे मराठीच आहे. मधला पूल आपण बांधायचा होता.

परदेशात या विषयावर लिहिले गेले आहे हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. रॉबर्ट पर्सिग यांचे मोटरसायकलच्या देखभालीला झेन विचाराशी जोडणारे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि आपल्या वसतिगृहांतून ते पिढ्यान्‌पिढ्या फिरले. त्यात एक प्रसंग आहे. मित्राच्या महागड्या गाडीचे हँडल सैल होऊन फिरते, आणि निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट करायला सुचवतो. मित्र दुखावतो. पत्रा योग्यच आहे, मऊ आहे, गंजत नाही, पण मित्राला त्यात फक्त डबा दिसतो. हा प्रसंग वर्गात शिकवताना मी स्वतःला निःशंकपणे निवेदकाच्या बाजूला ठेवीत आलो होतो. वहीच्या प्रकरणानंतर माझी जागा कोणती ते कळले.

मला अधिक जवळचे वाटते ते मॅथ्यू क्रॉफर्ड यांचे २००९ सालचे पुस्तक. हे गृहस्थ शिकागो विद्यापीठाचे राजकीय तत्त्वज्ञानातले डॉक्टर, आणि त्या काळी व्हर्जिनियातील रिचमंड येथे मोटरसायकल-दुरुस्तीचे दुकान चालवणारे. ते १९८३ सालच्या एका होंडा मॅग्नाची हकीकत सांगतात. क्लचच्या कामासाठी आलेल्या गाडीतले एक ऑइल सील त्यांना खुणावते, ते त्याच्या मागे लागतात, तास जातात, आणि मग प्रश्न उभा राहतो की माझ्या कुतूहलाचे पैसे गाडीच्या मालकाने का द्यावे? जुन्या गाडीची किंमत ती काय. दुरुस्तीच्या कामात ज्ञान आणि नीती एकमेकांना अशी छेदतात हे त्यांनी दाखवले. यंत्राशी इमान राखावे तर मालकाचे नुकसान होते, आणि मालकाशी राखावे तर यंत्र अर्धवट राहते. शोकान्तिकेच्या व्याख्येत बसणारा हा पेच आहे, आणि तो रोज प्रत्येक गॅरेजात सुटत असतो.

मिस्त्रींनी तो कसा सोडवला हे पाहण्यासारखे होते. नळी साफ झाल्यावरही गिअर शाफ्टचे सील बदलावे लागणारच होते, कारण आधीच्या माणसाने नवे सील शाफ्टच्या दात्यांवरून तसेच सरकवले होते आणि त्याच्या आतल्या कडेला, जिला लिप म्हणतात तिला, बारीक चीर पडली होती. मिस्त्रींनी दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, लिपला तेलाचे बोट लावले. मग शाफ्टवर नख फिरवून मला फिरवायला सांगितले. नखाला खाच लागत होती. पंचवीस-सव्वीस वर्षे त्याच जागी रबर घासून पोलादावर पडलेली खाच. “नवं सील पूर्ण आत ठोकलं तर लिप ह्याच खाचेत बसणार. मग कितीबी नवं घाला.” त्यांनी पाइपचा योग्य मापाचा तुकडा टेकवून, हलक्या ठोक्यांनी, सील नेहमीपेक्षा केसभर बाहेर बसवले. कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात हे सापडेल असे मला वाटत नाही. पुस्तक नव्या शाफ्टसाठी लिहिलेले असते.

झाकणावरचा सिलिकॉनचा थर त्यांनी नखाने सोलून काढला. असा जाड थर आत सुटून तेलाच्या जाळीत अडकला तर इंजिन उपाशी मरते, ही माहिती त्यांनी जरा रागाने दिली. झाकण पुन्हा बसवताना नवे कागदी पॅकिंग घातले आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. हेडच्या पाझराला हात लावला नाही. “कोंडलेलं सुटलं, आता ते कमी होईल. नाय झालं तर राहू द्या. उघडलं की चार गोष्टी हलतात.”

माझा मुद्दा एवढाच आहे की या सबंध दोन तासांत यांत्रिक असे काय होते? एकाच साच्याच्या दोन मोटरसायकली पंचवीस वर्षांनी एकसारख्या राहत नाहीत. प्रत्येकीची खाच निराळी, प्रत्येकीवर आधीच्या माणसांनी केलेले उपकार आणि अपकार निराळे. त्या माणसाने पुरावा दूषित होऊ नये म्हणून आधी सारे पुसले, दिसणाऱ्या कारणावर विश्वास ठेवला नाही, आधीच्या दुरुस्त्यांचे थर वाचले, आणि कुठे थांबायचे ते ठरवले. आपण पाठचिकित्सा शिकवतो, हस्तलिखितांच्या परंपरा शिकवतो, लेखनिकांच्या प्रमादांची वर्गवारी करतो. त्या शिस्तीशी याचे नाते ‘यांत्रिक’ या आपल्या शब्दापेक्षा कितीतरी जवळचे आहे. उलट दोष दिसला की ठरावीक सुटा भाग बदलणारा पहिला दुरुस्तीवाला आणि प्रतिमा दिसली की ठरावीक अर्थ बसवणारा समीक्षक हे दोघे एका जातीचे. त्यांना हवे तर ठरावीक म्हणावे, घोकलेले म्हणावे, आळशी म्हणावे. मराठीत शब्दांची वाण नाही. यंत्राला त्यात ओढू नये.

या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. हातकामाचे असे गुणगान करणे सुशिक्षितांना परवडते. मिस्त्रींच्या बोटांची कातडी रॉकेल-पेट्रोलने भेगाळलेली आहे. त्यांचा मुलगा ठाण्याला एका मॉलमध्ये कामाला आहे आणि त्याने या धंद्यात येऊ नये ही मिस्त्रींचीच इच्छा. आडोशामागे काढलेले जळके तेल डब्यात साठवले जाते आणि बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला विकले जाते, ते ठीक. पण पावसात थोडे वालधुनीलाही मिळतेच. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना इंजिन तेलच नसल्यामुळे हे कौशल्य फार दिवस लागणार नाही, हेही त्यांना चांगले ठाऊक आहे. ते स्वतः कसलेही तत्त्वज्ञान सांगत नव्हते. मीच ते इथे मांडतो आहे, आणि मांडताना ‘घर होते’ची पुनरावृत्ती तर करीत नाही ना, अशी शंका मला आहे.

शिवाय पैशाची गोष्ट राहिली. सील, पॅकिंग, लिटरभर नवे तेल आणि मजुरीचे तीनशे, असा हिशेब त्यांनी सांगितला. माझ्या तोंडात वाक्य आले होते की दादा, नळीच तर साफ केली. मी ते बोललो नाही, पण ते आले होते, आणि ज्या सहजतेने आले त्याचे मला अजून वाईट वाटते. आधीच्या दोन जागी, गळती न थांबवता, मी याच्या चौपट मोजले होते आणि घासाघीस केली नव्हती, कारण तिथे बिल छापील होते.

पुढच्या सत्रात मी तो वर्ग पुन्हा घेतला. नव्या विद्यार्थ्यांना वहीतली नोंद दाखवली आणि अर्थ विचारला. बहुतेकांनी शोकच सांगितला, एकाने विस्थापनही. शहाडहून येणाऱ्या एका मुलाने मात्र विचारले, “सर, पाइप कसला?” हा प्रश्न प्रथमच आला होता. त्याच्या चुलत्यांचे पंपदुरुस्तीचे दुकान आहे असे नंतर कळले.

गाडीखाली मी सध्या जुना पुठ्ठा ठेवतो. दोन आठवड्यांत त्यावर रुपयाएवढा एक डाग पडतो, हेडच्या बाजूचा. मिस्त्रींना विचारले, तर म्हणाले, पाझरतंय, राहू द्या.